अजीवाणुजन्य मस्तिष्कावरणशोथ

अजीवाणुजन्य मस्तिष्कावरणशोथ म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जू यांना वेढणाऱ्या आवरणांचा, जीवाणूंखेरीज अन्य कारणांनी होणारा दाह. विषाणू हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. बुरशी, परजीवी, काही औषधे, स्वप्रतिरक्षित विकार आणि कर्करोग ही त्याची इतर कारणे होत. वैद्यकीय व्यवहारात याला 'असेप्टिक मेनिंजायटिस' असेही म्हणतात, तर बोलीभाषेत मेंदूशी संबंधित जवळजवळ प्रत्येक तीव्र तापाप्रमाणे यालाही 'मेंदूज्वर' हेच नाव दिले जाते.

या आजाराचे बहुतेक विषाणुजन्य रुग्ण आठ-दहा दिवसांत विशेष उपचारांविना बरे होतात. त्यामुळे 'जीवाणू नाहीत, म्हणजे आजार सौम्य' असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. 'अजीवाणुजन्य' हे नाव तपासणीत काय सापडले नाही एवढेच सांगते. काय आहे ते सांगत नाही. याच नावाखाली विश्रांतीने बरा होणारा आंत्रविषाणूंचा संसर्ग येतो आणि उपचार न झाल्यास जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरणारा क्रिप्टोकॉकस बुरशीचा संसर्गही येतो. शिवाय क्षयरोगासारखे काही जीवाणुजन्य आजार प्रथमदर्शनी याच गटातील वाटतात.

आवरणे आणि द्रव

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. बाहेरची जाड दृढतानिका, मधली कोळ्याच्या जाळ्यासारखी जालतानिका आणि मेंदूला चिकटलेली नाजूक मृदुतानिका. मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान मस्तिष्कमेरू द्रव खेळता असतो. प्रौढ व्यक्तीत एका वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. मात्र दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर द्रव नव्याने तयार होतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. आवरणांना दाह झाला की पांढऱ्या रक्तपेशी या द्रवात उतरतात. निदानाचा सारा भर या पेशींची संख्या व प्रकार आणि द्रवातील प्रथिने व ग्लुकोज यांवर असतो.

ताप, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या आणि उजेड सहन न होणे ही मोठ्या माणसांतील नेहमीची लक्षणे होत. तान्ह्या मुलांत मान ताठलेली असेलच असे नाही. बाळ अंगावर पीत नाही, सतत किरकिरते किंवा निपचित पडते, त्याची टाळू फुगते. नवजात अर्भकात ताप येण्याऐवजी अंग गारही पडू शकते. लक्षणांवरून केवळ आवरणांना दाह झाला असावा असा संशय घेता येतो. कारण विषाणू आहे की जीवाणू, हे अनुभवी डॉक्टरांनाही रुग्णाला तपासून खात्रीने सांगता येत नाही.

नावाचा इतिहास

पाठीच्या खालच्या भागात सुई घालून मस्तिष्कमेरू द्रव काढण्याची पद्धत जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केली. त्यानंतर एक कोडे समोर आले. काही रुग्णांच्या द्रवात दाहाच्या पेशी भरपूर दिसत, पण संवर्धनात एकही जीवाणू वाढत नसे आणि रुग्ण आपोआप बरा होई. स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ अर्विद वाल्ग्रेन यांनी १९२५ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून 'असेप्टिक मेनिंजायटिस' ही संज्ञा मांडली. त्या काळी विषाणू प्रयोगशाळेत वाढवण्याची सोय नव्हती. त्यामुळे ही संज्ञा मुळातच अभावावर बेतलेली होती. पुढे १९३० च्या दशकात उंदरांपासून पसरणारा लिम्फोसाइटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणू सापडला. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉक्सॅकी या गावातील रुग्णांपासून कॉक्सॅकी विषाणू वेगळा करण्यात आला. कारणे सापडत गेली, तरी जुने नाव टिकून राहिले.

'मेंदूज्वर' या शब्दाचा घोळ

मस्तिष्कावरणशोथात आवरणांना दाह होतो, तर मस्तिष्कशोथात (एन्सेफलायटिस) खुद्द मेंदूच्या ऊतीला. पहिल्या प्रकारात रुग्ण वेदनेने हैराण असला तरी बहुधा शुद्धीवर असतो आणि विचारले तर नीट उत्तर देतो. दुसऱ्यात भ्रम, विचित्र वागणूक, झटके आणि बेशुद्धी दिसते. दोन्ही एकत्रही होऊ शकतात. मराठीत दोहोंना मेंदूज्वरच म्हटले जात असल्याने वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून नेमका कोणता आजार पसरला आहे हे कळणे कठीण जाते.

विदर्भात हा घोळ विशेष महत्त्वाचा आहे, कारण मेंदूच्या विषाणुजन्य आजारांतील एका विषाणूला विदर्भातील गावाचेच नाव आहे. १९६५ मध्ये नागपूर भागातील चांदीपुरा येथे तापाच्या साथीची पाहणी चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. रेबीजच्या विषाणूच्याच कुळातील हा चांदीपुरा विषाणू प्रामुख्याने सँडफ्लाय या बारीक माशीमार्फत पसरतो. ही माशी भिंतींच्या भेगांत, ओलसर मातीत आणि गोठ्यांच्या आसपास वाढते. पुढे जवळजवळ चार दशके या विषाणूकडे फारसे लक्ष गेले नाही. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना तीव्र मस्तिष्कशोथ झाला आणि त्यांतील १८३ दगावली; तपासात चांदीपुरा विषाणू प्रमुख कारण म्हणून पुढे आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातही रुग्ण आढळले आणि २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा उद्रेक झाला. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात, मुख्यतः गुजरातमध्ये, तीव्र मस्तिष्कशोथसदृश आजाराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले; त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणूची खात्री झाली.

चांदीपुराच्या रुग्णांत मस्तिष्कमेरू द्रवातील पेशी बहुधा वाढलेल्या नसतात. मूल काही तासांत तापातून झटके व बेशुद्धीकडे जाते, पण द्रव जवळजवळ स्वच्छ असतो. म्हणजे काटेकोर अर्थाने हा मस्तिष्कावरणशोथ नव्हे. द्रव स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राला दुसरीकडे शोधावे लागणार नाही.

कारणीभूत विषाणू

विषाणुजन्य मस्तिष्कावरणशोथाचे जगभरातील सर्वांत मोठे कारण म्हणजे एंटेरोव्हायरस (आंत्रविषाणू). कॉक्सॅकी आणि एको हे त्यांचे परिचित प्रकार. पोलिओचा विषाणूही याच गटातला. ते विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित हात, पाणी व वस्तूंमार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातात. लागण झालेल्या बहुसंख्य मुलांना साधा ताप, घसा दुखणे किंवा अंगावर पुरळ एवढेच होते. थोड्यांमध्येच विषाणू आवरणांपर्यंत पोहोचतो. मूल बरे झाल्यावरही काही आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. या विषाणूंना बाह्य मेदावरण नसल्याने अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा त्यांच्यावर परिणाम कमी होतो; साबण आणि वाहते पाणी अधिक उपयोगी पडते. मोठ्या मुलांत व प्रौढांत हा आजार सहसा सौम्य असतो, मात्र जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तोच विषाणू यकृत आणि हृदयावर आघात करून जीवघेणा ठरू शकतो.

गालगुंड हे दुसरे कारण. लसीकरण नसलेल्या समाजात गालगुंडाच्या दहा टक्क्यांपर्यंत रुग्णांत मस्तिष्कावरणशोथाची लक्षणे दिसत असत. कधीकधी गाल सुजण्याआधीच, किंवा गाल न सुजताही, तो होतो. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर व रुबेला यांची एकत्रित लस दिली जाते. गालगुंडाचा समावेश असलेली एमएमआर लस पालकांना खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. साहजिकच ग्रामीण भागात हे कारण मागे पडलेले नाही.

नागिणीच्या कुळातील विषाणूंपैकी हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार २ मुळे प्रौढांत वारंवार उलटणारा मस्तिष्कावरणशोथ होतो. फ्रेंच वैद्य पिएर मोलारे यांनी १९४४ मध्ये त्याचे वर्णन केले. याउलट हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ मेंदूच्याच ऊतीवर हल्ला करतो आणि असिक्लोव्हिर हे औषध लवकर न मिळाल्यास मृत्यू किंवा कायमचे स्मृतिदोष ओढवतात. कांजिण्या व नागीण यांचा विषाणू, एचआयव्हीच्या संसर्गाचे पहिले काही आठवडे, तसेच डासांमार्फत पसरणारे डेंग्यू, चिकुनगुन्या, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल हे विषाणूही आवरणांना दाह करू शकतात.

निदान

पाठीतून द्रव काढण्याच्या तपासणीला (लंबर पंक्चर) ग्रामीण भागात 'पाठीतले पाणी काढणे' म्हणतात आणि त्याने माणूस कमरेपासून लुळा पडतो अशी भीती सर्रास असते. ही भीती शरीररचनेशी जुळत नाही. प्रौढांत मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या वा दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो, तर सुई त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या दरम्यान घातली जाते. तेथे द्रवात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि ते सुईपासून बाजूला सरकतात. काहींना नंतर एक-दोन दिवस डोकेदुखी राहते. मात्र कवटीतील दाब फार वाढल्याची चिन्हे असतील, रुग्ण बेशुद्ध असेल किंवा रक्त गोठण्यात दोष असेल, तर ही तपासणी पुढे ढकलून आधी सीटी स्कॅन करतात. अशा वेळी उपचार मात्र थांबवले जात नाहीत.

निरोगी प्रौढाच्या द्रवात प्रति घनमिलिमीटर पाचपर्यंत पांढऱ्या पेशी असतात. प्रथिने प्रति डेसिलिटर सुमारे १५ ते ४५ मिलिग्रॅम आणि ग्लुकोज रक्तातील पातळीच्या साधारण दोन-तृतीयांश असते. जीवाणुजन्य आजारात द्रव गढूळ होतो, पेशी बहुधा हजाराच्या वर जातात, त्यांत न्यूट्रोफिल पेशींचे प्राबल्य असते आणि ग्लुकोज खूप उतरते. विषाणुजन्य आजारात पेशी काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत असतात, त्यांत लिम्फोसाइट अधिक असतात, प्रथिने किंचित वाढतात आणि ग्लुकोज सामान्य राहते.

पुस्तकातील ही चौकट प्रत्यक्षात नेहमी जुळत नाही. आंत्रविषाणूंच्या संसर्गात पहिल्या दिवशी न्यूट्रोफिलच अधिक असू शकतात. गालगुंडात क्वचित ग्लुकोजही उतरते. ग्लुकोज कमी की सामान्य हे ठरवायला त्याच वेळचे रक्तातील ग्लुकोज मोजलेले असावे लागते, आणि ते मोजायचे राहून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. द्रवातील पेशी काढल्यापासून तासा-दोन तासांतच फुटू लागतात. दूरच्या प्रयोगशाळेत उशिरा पोहोचलेल्या नमुन्यात पेशी कमी मोजल्या जातात. पीसीआर तपासणीमुळे आंत्रविषाणू व हर्पिस यांचे निदान काही तासांत होऊ शकते आणि अनावश्यक प्रतिजैविके थांबवता येतात, परंतु ही सोय मोठ्या शहरांपुरतीच अधिक आहे.

ढाणकी आणि परिसर

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात, नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ आहे. लंबर पंक्चर, द्रवाची तत्काळ तपासणी आणि अतिदक्षता विभाग या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची सार्वजनिक ठिकाणे म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेले यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या एक वर्ष आधीचे नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. उमरखेड भागाला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा शेजारच्या जिल्ह्यातील नांदेडच रस्त्याने जवळ पडते.

अंतराचा परिणाम निदानावरही होतो. कोणत्याही खेड्यात ताप आणि उलट्या सुरू झालेले मूल प्रथम जवळच्या दवाखान्यात नेले जाते. तेथे प्रतिजैविकाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन मिळते, एक-दोन दिवस वाट पाहिली जाते आणि उतार नसेल तेव्हाच पुढचा प्रवास होतो. तोवर आजार जीवाणुजन्य असला, तरी औषधाच्या अंशतः परिणामाने द्रवाच्या संवर्धनात जीवाणू वाढत नाहीत. अहवालात 'वाढ नाही' असे येते आणि आजार अजीवाणुजन्य भासतो. ही अवस्था 'अर्धवट उपचारित जीवाणुजन्य मस्तिष्कावरणशोथ' या नावाने ओळखली जाते. प्रतिजैविकाचा पूर्ण कालावधी न देता तो थांबवला, तर बहिरेपणा, झटके किंवा मृत्यू यांचा धोका राहतो. म्हणून रुग्णाला पुढे पाठवताना आधी दिलेल्या औषधांची नावे व वेळ असलेली चिठ्ठी सोबत असणे अत्यंत मोलाचे ठरते. रिकामी पाकिटे जवळ ठेवली तरी काम भागते.

याचा अर्थ पहिली मात्रा देऊ नये असा नाही. गंभीर रुग्णाला लांबचा प्रवास करायचा असेल, तर योग्य मात्रेतील सेफ्ट्रिअक्झोनसारखे इंजेक्शन निघण्यापूर्वी देणे हेच सुरक्षित मानले जाते. घोटाळा होतो तो अपुऱ्या मात्रेच्या गोळ्यांनी आणि न झालेल्या नोंदीने.

अजीवाणुजन्य भासणारे जीवाणुजन्य आजार

यांत सर्वांत महत्त्वाचा क्षयरोग. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ हा जीवाणूमुळेच होतो, पण त्याचा जीवाणू नेहमीच्या संवर्धनात वाढत नाही आणि द्रवात विषाणुजन्य आजाराप्रमाणे लिम्फोसाइटच अधिक दिसतात. भेद करणाऱ्या खुणा तीन: ग्लुकोज कमी, प्रथिने बरीच वाढलेली आणि आजाराची संथ वाटचाल. दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक मंदावणे, मुलाचे खेळणे बंद होणे, अभ्यासात लक्ष न लागणे, मग डोकेदुखी व उलट्या आणि शेवटी तिरळे दिसणे किंवा गुंगी. विषाणुजन्य आजार इतका रेंगाळत नाही. सीबीनॅट चाचणी सकारात्मक आली तर निदान पक्के होते, मात्र नकारात्मक आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. उपचार साधारण वर्षभर चालतात आणि सुरुवातीला स्टेरॉइडही द्यावे लागते. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस फुप्फुसाच्या क्षयापासून प्रौढांना फारसे संरक्षण देत नसली, तरी लहान मुलांतील या प्रकारापासून चांगले संरक्षण देते. तिचे मुख्य समर्थन हेच आहे.

स्क्रब टायफस हा दुसरा. झुडपे व गवतातील चिगर या सूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणारा हा आजार पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढतो. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात त्याचा मोठा उद्रेक झाला. काख, जांघ किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर निदान सोपे होते, पण ती मुद्दाम शोधावी लागते. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने रुग्ण बहुधा दोन दिवसांत सुधारतो, तर सेफ्ट्रिअक्झोनचा त्यावर उपयोग होत नाही. लेप्टोस्पायरोसिसही असाच फसवा आहे.

बुरशी व परजीवी

क्रिप्टोकॉकस ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत व मातीत आढळते आणि श्वासावाटे शरीरात जाते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या, विशेषतः उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित व्यक्तींत ती आवरणांपर्यंत पोहोचते. मान ताठलेली नसते, ताप जेमतेम असतो, फक्त आठवडेच्या आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी असते. द्रवात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता बुरशीभोवतीचे कवच पांढऱ्या वलयासारखे उठून दिसते. हल्ली प्रतिजन चाचणी अधिक विश्वासार्ह मानली जाते. अँफोटेरिसिन बी, फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल ही त्यावरील औषधे. मेंदूवरील वाढलेला दाब उतरवण्यासाठी पाठीतून द्रव पुन्हापुन्हा काढावा लागतो. येथे लंबर पंक्चर ही तपासणी न राहता उपचारच होते.

बुरशी निरोगी माणसापर्यंत औषधातूनही पोहोचू शकते. २०१२ मध्ये अमेरिकेत पाठदुखीसाठी दिलेल्या दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे ७५३ जणांना बुरशीचा संसर्ग झाला आणि ६४ जण दगावले.

परजीवींमध्ये कोमट गोड्या पाण्यातील नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा सर्वांत घातक. तो पाणी नाकात गेल्याने मेंदूत शिरतो. तेच पाणी प्यायल्याने आजार होत नाही. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत अमीबाजन्य आजाराचे रुग्ण सातत्याने आढळले आहेत. डुकरांच्या पट्टकृमीच्या अळ्या आणि गोगलगायींमार्फत पसरणारा एक गोलकृमी यांमुळेही आवरणशोथ होतो. दुसऱ्यात द्रवात इओसिनोफिल पेशी वाढतात.

संसर्गाविना होणारा आवरणशोथ

आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, को-ट्रायमॉक्सॅझोल आणि शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन यांमुळे काही व्यक्तींत औषध घेतल्यावर काही तासांत वा दिवसांत हुबेहूब लक्षणे दिसतात आणि औषध बंद केल्यावर मावळतात. ल्युपस, सार्कॉइडोसिस, बेहसेट यांसारखे विकार आणि आवरणांत पसरलेला कर्करोग हीही कारणे आहेत. डोकेदुखीसाठी घेतलेली गोळीच डोकेदुखीचे कारण असण्याचा हा प्रकार दुर्मीळ आहे आणि म्हणूनच सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

उपचार आणि नोंद

आवरणशोथाचा संशय येताच, द्रवाचा अहवाल येण्याची वाट न पाहता जीवाणुनाशक उपचार सुरू करतात आणि जीवाणूंची शक्यता मावळल्यावर ते थांबवतात. शुद्ध हरपत असेल किंवा झटके आले असतील तर असिक्लोव्हिरही जोडतात. आंत्रविषाणूंवर सर्वमान्य औषध नाही. पाणी, पॅरासिटामॉल, अंधारी शांत खोली आणि देखरेख एवढेच करायचे असते. बरे झाल्यावर काही आठवडे थकवा आणि एकाग्रतेचा अभाव जाणवू शकतो, आणि शाळकरी मुलांत तो आळस समजला जातो.

भारतात मेंदूच्या तीव्र आजारांवर लक्ष ठेवण्यासाठी 'तीव्र मस्तिष्कशोथ लक्षणसमूह' ही व्याख्या वापरली जाते. ताप असून मानसिक स्थितीत बदल किंवा नव्याने आलेले झटके असतील तरच रुग्ण तीत बसतो. शुद्धीवर असलेला, केवळ ताप, डोकेदुखी व ताठ मान असलेला विषाणुजन्य मस्तिष्कावरणशोथाचा रुग्ण या व्याख्येबाहेर राहतो. चांदीपुरा व जपानी मेंदूज्वराचे आकडे या मोजणीतून पुढे येतात, तर आंत्रविषाणूंचा बहुतांश आजार 'व्हायरल ताप' या नोंदीखालीच राहतो.